समोरच्या बाजूचा थांबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, ऑफिसातल्या त्या मैत्रिणीलाही नाही, जिला मी घरातली भांडणं डबा खाताना चवीनं सांगते. एकाच माणसाला सांगायला गेले होते — ते कसं झालं हे पुढे येईलच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी तुम्ही बाजूनं निघून जाल. ह्यात शूरपणा काही नाही, हे मलाही कळतं.

सुरुवात कुठून करू? थांब्यापासूनच करते.

नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला राहणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यानं मला पाहिलंही असेल. सकाळी सिटी बसची वाट बघत उभी असते — तोंडाला ओढणी, खांद्याला डब्याची पिशवी. कुणी नवखं दिसलं की मी स्वतःहून पुढे होते. कुठं जायचं? बर्डीला? मग ही नको, मागची घ्या, ही फिरून जाते. एवढ्यावर माझं भागत नाही. परत कधी येणार, कुठून बसणार, बसताना रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहणार — हे सगळं मी त्या माणसाकडून वदवून घेते. इथंच उतरून इथूनच परत जाणारी एखादी म्हातारी असली तर तिचा हात धरून रस्ता ओलांडते आणि समोरचा थांबा दाखवून आणते. माझी बस चुकली तरी चालते. एक कंडक्टर तर मला बघून म्हणतो, "मॅडम, डेपोत एक अर्ज टाकून द्या, तुमाले ठेवूनच घेतीन." सोबतच्या बायका म्हणतात, किती जीव लावते ही लोकांना. मी हसते. मी त्यांना तसं म्हणू देते.

आता गावाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यात. एसटी मोठा रस्ता सोडून आत येते, विहारासमोरच्या कडुलिंबाला वळसा घालते आणि आली त्याच रस्त्यानं परत जाते. पुढे रस्ताच नाही. त्यामुळे जिथं उतरायचं, तिथंच चढायचं. बाभुळगावच्या स्टँडवर तेच, यवतमाळच्या स्टँडवरही तेच — उतरलात त्याच आवारात उभं राहा, कंडक्टर ओरडला की चढा. जाण्याची एक बाजू असते आणि येण्याची दुसरी, ही भानगड आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. शिकवायची गरज कुणाला होती?

मी नोकरीसाठी पहिल्यांदा नागपूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फसले. सकाळी जिथं उतरले, संध्याकाळी त्याच शेडखाली उभी राहिले, हव्या त्या नंबरची बस आली, बसले. बस मला थेट शहराबाहेर हिंगण्याला घेऊन गेली. सगळे उतरले, मी बसूनच. कंडक्टरनं विचारलं तेव्हा मला रडू आलं. भला माणूस होता. त्यानं हातवारे करून समजावलं, पोरी, येताना ह्या बाजूनं, जाताना त्या बाजूनं, कायम ध्यानात ठेव. खोलीवर परतल्यावर मी सोबतच्या मुलींना सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते. घरी तर कधीच सांगितलं नाही. गावात माझी हुशार म्हणून ख्याती, ती कशाला घालवायची?

हे मुद्दाम सांगितलं. म्हणजे आमच्या गावचं माणूस शहरात नेमकी कोणती चूक करतं, हे मला माहीत होतं. पुस्तकातून नाही, स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं.

आता माय. आईला आम्ही माय म्हणतो. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि दादा नुकताच कॉलेजात गेला होता. त्यानंतर तिनं आठवडी बाजारात गाऊन, परकर, पोरींचे फ्रॉक विकायला सुरुवात केली. एक भलंमोठं गाठोडं, एक प्लास्टिकची ताडपत्री आणि ती. बाभुळगाव, यवतमाळ, आर्णी — जिथं बाजार असेल तिथं ती. एकदा तर गाड्या बदलत झरी जामणीकडच्या बाजारातही जाऊन आली, कुणी तरी म्हणालं की तिकडे गाऊन चांगले खपतात म्हणून. पाटीवरची अक्षरं तिला धड वाचता येत नसत, एकेक जुळवत बसावं लागे, तोवर गाडी सुटायची. पण तिला वाचायची गरजच पडत नव्हती. ती विचारायची. कोणताही कंडक्टर असो, "भाऊ, आर्णी?" तो हो म्हणाला की चढली. तो नाही म्हणाला की उतरली. कंडक्टरचा शब्द म्हणजे शब्द. कोणत्या ड्रायव्हरला गाडी थांबवून चहा लागतो, कोणाच्या तोंडात कायम तंबाखूचा खर्रा असतो, कोणती गाडी चढावर धापा टाकते, हे सगळं तिला पाठ. बाजाराच्या दिवशी पहाटे ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघायची तेव्हा तिच्या चालण्यात एक ऐट असायची. मला त्या ऐटीचा फार अभिमान होता. खरंच होता.

ती मे महिन्यात माझ्याकडे आली होती. नागपुरातच इंदोऱ्याकडे कुणी बाई घरी मशिनी टाकून गाऊन शिवते, होलसेलात देते, असं तिला बाजारात कळलं होतं. तिला ते बघून यायचं होतं. नितीन, माझा नवरा, म्हणाला, "आईंना एकटं पाठवू नको, रविवारी मी गाडीवर नेतो." माय हसली. "मी अख्खा जिल्हा पालथा घातला जावई, तुमचं नागपूर कायले भिऊ?" मीही तिच्या बाजूनं बोलले. काय तुम्ही बायकांना शेळीसारखं बांधून ठेवता, असं काहीसं बोलले. अभिमान होताच. पण रविवारी नितीन तिला गाडीवर घेऊन गेला असता, तर आमचं सिनेमाला जायचं राहिलं असतं — हेही होतं. आता सांगायलाच बसले आहे तर हेही सांगून टाकते.

जायचं मी तिला नीट सांगितलं. इथून बर्डी, शहराच्या मध्यावर. बर्डीला उतरून कामठीकडं जाणारी बस. कंडक्टरला इंदोरा म्हणायचं, तो उतरवून देईल. तिनं ते माझ्यासमोर घोकून दाखवलं. येण्याचं मी काहीच सांगितलं नाही. आलेल्या वाटेनं परत यायचं, त्यात सांगायचं काय — असं मला तेव्हा वाटलं का? वाटलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

दुपारी तिचा फोन आला.

हा भाग मी वर्षानुवर्षं स्वतःला वेगळाच सांगत आले. ऑफिसात गोंधळ होता, माणसं रांगेत होती, साहेब डोक्यावर उभे होते, मला नीट ऐकू आलं नाही. खोटं. ऑफिसात एका मुलीचा वाढदिवस होता. केक कापणं चाललं होतं. कुणी तरी तिच्या नाकाला क्रीम लावलं आणि आम्ही सगळ्या हसत होतो. फोन वाजला, मी एका हातात कागदाची ताटली धरून तो घेतला.

माय म्हणाली, "शीतल, काम झालं वं माह्यं. बाई चांगली हाये. आता मी उतरली तिथंच उभी राहू नं बससाठी?"

मी म्हणाले, "हो माय, तिथंच उभी राहा, येईल बस."

इतकंच. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. 'उतरली तिथंच.' हिंगण्याच्या बसमध्ये रडलेल्या मुलीला ते दोन शब्द ऐकून दचकायला नको होतं का? पण मी केकचा तुकडा तोंडात घातला. फोन ठेवल्यावर एकदाही ते मनात आलं नाही.

पुढचं सगळं तिनंच नंतर सांगितलं, तुटक तुटक. तेव्हा कामठी रोडवर मेट्रोचं काम चालू होतं. रस्त्याच्या मधोमध पत्र्यांची लांबच लांब भिंत उभी केलेली. पलीकडे थांबा आहे, माणसं उभी आहेत, हे दिसायलाही मार्ग नव्हता. ती उतरली त्याच शेडखाली उभी राहिली. बस आली. तिनं सवयीनं विचारलं, "भाऊ, बर्डी?" कंडक्टर म्हणाला, "बर्डी नाही मावशी, कामठी. बर्डीची तिकडून, समोरून."

आता बघा. आयुष्यभर कंडक्टरच्या शब्दावर चालणारी बाई. पण त्या दिवशी ती त्याला म्हणाली, "माही पोरगी इथंच राह्यते भाऊ, तिनंच सांगतलं इथून बस म्हनून." आणि चढली. तिला वाटलं, ही बस फिरून बर्डीला जात असेल, गावातली गाडी फिरून जाते तशी. कंडक्टरलाही गर्दीत वाद घालायला वेळ नव्हता. थोडं पुढे गेल्यावर तिला रस्ता अनोळखी वाटू लागला, म्हणून ती मध्येच उतरली. आणि काय केलं असेल? उतरली तिथंच उभी राहिली. पुन्हा त्याच बाजूनं बस पकडली. माझ्या सांगण्यावरून.

मग तिचा फोन बंद पडला. बटनांचा साधा फोन, सकाळी चार्ज करायला मीच विसरले होते. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. कामठीत कुठं तरी ती पायी फिरत राहिली. बर्डी कोणीकडे हे विचारायलाही तिला लाज वाटू लागली होती, असं ती म्हणाली. विचारण्यावर जिचं पोट चाललं, तिला विचारायची लाज वाटू लागली! शेवटी एका मोटार गॅरेजसमोर तिला भोवळ आली. गॅरेजवाल्याच्या बायकोनं तिला घरात नेलं, कांद्याचा रस तळपायांना चोळला, साखरमिठाचं पाणी पाजलं, तिच्या फोनला चार्जर लावला आणि मला फोन केला. "बेटा, तुम्हारी अम्मी हमारे पास है. घबराओ मत, आके ले जाओ." तोवर मी ऑफिसातून घरी येऊन रडत बसले होते. नितीन थांब्याथांब्यावर हिंडत होता. दादाला कळवून झालं होतं.

आम्ही तिला घेऊन आलो. ती पलंगावर बसली. पायाला फोड आले होते. हातातली पिशवी तिनं अजून सोडली नव्हती, त्यात त्या शिवणाऱ्या बाईनं दिलेला नमुन्याचा गाऊन होता. नितीन माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात दादाचा फोन आला, मी तो स्पीकरवर ठेवला. दादा बाभुळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज कापत होता. तो म्हणाला, "शीतल, तिले वापस याचं नीट सांगतलं होतं का तुनं?"

आणि मी म्हणाले, "दादा, सांगितलं होतं ना. रस्ता ओलांडून समोरून बस म्हणाले. दोनदा सांगितलं."

'दोनदा' कुठून आलं? मलाही माहीत नाही. एकदा सांगितलं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण खोट्याला वजन यावं म्हणून आपण त्यात असं काही तरी घालतो, नाही का? किती सहज आलं तोंडातून.

मायनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मी कदाचित लगेच कबूल केलं असतं. राग नव्हता. ती आठवत होती. माझ्या तोंडाकडे बघत ती आपल्या मनात तो फोन पुन्हा ऐकत होती, आणि तिला ऐकू येणारं आणि मी म्हणतेय ते जुळत नव्हतं. मग तिनं मान खाली घातली. फोनमधल्या दादाला म्हणाली, "म्हनलं असन तिनं. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

मी तिला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. तिथं मला हायसं वाटलं. खरं सांगते, मनापासून हायसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, घाबरून माणूस बोलून जातो एखादं खोटं. त्यात एवढं काय? मीही तेच म्हणत होते. पण माणसं खोटं ऐकून गप्प बसत नाहीत, त्यावर पुढची घरं बांधतात. दादा येऊन मायला घेऊन गेला. दोनदा सांगूनही ध्यानात राहत नाही म्हणजे काय, ह्या काळजीनं तो तिला यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं वय विचारलं, घरच्यांनी काय झालं ते सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. दादानं बाजार बंद करायला लावला. "पुन्हा कुठं चुकली म्हंजे? आमी कुठं शोधावं तुले?" त्याचं काय चुकलं? लेकानं काळजी घेतली. वहिनीनं गाठोड्यातले गाऊन गावातल्याच एका बाईला देऊन टाकले. ताडपत्री गोठ्यावर टाकली.

सुरुवातीला माय भांडली. मग कमी भांडली. फोनवर मला सांगायची, "आज गाडी आली तं मी नुसती पाह्यत होती. कंडक्टर म्हने, मावशी, काहून नाही येत बाजारले? म्या सांगतलं, माह्या डोक्याचं खरं नाही आता." हे ती हसून सांगायची. मी म्हणायचे, आराम कर माय, लय कष्ट केलेस. बघा माझं. आराम कर म्हणायचे.

हळूहळू ती प्रत्येक गोष्ट विचारू लागली. गॅस बंद केला का मी? मीठ टाकलं का? आज कोणता वार? वहिनी म्हणाली की अहो, मघाशीच तर सांगितलं, की ती लगेच म्हणायची, "हो, सांगतलं असन." वहिनीनं खरोखर सांगितलेलं असो की नसो. कुणीही काहीही म्हणावं आणि तिनं ते मान्य करावं. गाऊनच्या शिवणीतली खोट बोटांनी ओळखणारी, बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाई.

पण मी तुम्हाला जे सांगायला बसले, ते हेही नाही. पुढचं आहे.

वर्षभरानं मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ. दादा कामावर, वहिनी शेतात. आम्ही दोघीच ओसरीवर. माय सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत होती. मध्येच म्हणाली, "शीतल, एक विचारू? रागावशीन तं नाही?"

"विचार ना माय."

"त्या दिवशी फोनवर तू काय म्हनलं होतं वं मले? मले तं अजूनबी आयकू येते का तू म्हनलं, तिथंच उभी राह्य. लय दिवसाचं डोक्यात फिरून राह्यलं. कोनाले म्हनावं? तू तसं म्हनलं असन, तं माह्यं डोकं ठीक हाये. नसन म्हनलं, तं मंग..." तिनं पुढचं सोडून दिलं. बोटं डाळीत तशीच थांबली.

तिथं कुणी नव्हतं. नितीन नव्हता, दादा नव्हता, स्पीकर नव्हता. लाज जायची ती कुणासमोर? आईसमोर? तिनं तर मला शेणात लोळताना पाहिलेलं. ती मला दूषण देत नव्हती, तिला कबुलीही नको होती. तिला एवढंच हवं होतं की आपलं डोकं ठीक आहे. एका 'हो'वर तिचं सगळं अडलं होतं — बाजार, गाठोडं, पहाटेची गाडी, स्वतःवरचा भरोसा. आणि तो 'हो' फक्त माझ्याकडे होता, जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मी म्हणाले, "माय, रस्ता ओलांडून समोरून बस म्हणाले होते मी. दोनदा. आता किती वेळा सांगू?"

शेवटचं वाक्य वैतागून म्हणाले. हो, वैतागून.

ती लगेच म्हणाली, "हो, हो. तेच म्हनलं असन." थोडा वेळ डाळ निवडत राहिली. मग सूप माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "तूच पाह्य वं एकदा. मले खडे दिसून नसन राह्यले बराबर."

मी सूप घेतलं. डाळीत एकही खडा नव्हता. तिनं सगळे काढले होते. मी ते तिला सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर कदाचित पुढचंही सांगावं लागलं असतं.

का बोलले तशी? मी खूप शोधलं. पहिलं खोटं भीतीचं होतं, असं म्हणता येईल. दुसरं कशाचं? वर्षभर तिला गोळ्या खाऊ दिल्या, बाजार बंद होऊ दिला, आणि आता खरं सांगितलं तर ते वर्षही माझ्या नावावर लागणार होतं. ते मला नको होतं. म्हणून मी तिची पुढची वर्षंही घेतली. ह्यापेक्षा बरं काही कारण मला सापडलेलं नाही.

आता माय खरंच विसरते. मधल्या काळात कधी तरी त्या खोट्याचं खरं झालं. नातवंडांची नावं अदलाबदल करते, जेवून झाल्यावर जेवायला मागते. आताच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, माणसाला सारखं तू विसरतेस म्हटलं, घरात बसवून ठेवलं, तर असं होतं का हो? ते म्हणाले, असं नेमकं काही सांगता येत नाही, हा वयाचा आजार आहे. त्यांचं बरोबर असेल. ते ऐकून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा ठरवूनच गेले. आता तरी सांगायचं. दादा बाहेर गाडी पुसत होता, वहिनी शेतात. माय खाटेवर बसली होती, त्या दिवशी जरा बरी होती, मला नावानं हाक मारली. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "माय, त्या दिवशी फोनवर मी चुकीचं सांगितलं होतं. तू बरोबर ऐकलं होतंस. तिथंच उभी राहा, असंच मी म्हणाले होते. मी खोटं बोलले, माय. तुझं डोकं ठीक होतं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "येडी हायेस का वं? काहून स्वतःवर घेतं? तू आपिसातून बोलली. मांगून पोट्ट्या हासून राह्यल्या होत्या. आन तुनं दोनदा सांगतलं मले, रस्ता ओलांडून समोरून बस. चांगलं याद हाये मले. मीच नाही आयकलं."

मी पुन्हा सांगितलं. ती माझे डोळे पुसत राहिली आणि म्हणत राहिली, "नाही वं, माहीच गलती व्हय."

तेवढ्यात दादा आत आला. मला रडताना बघून दारातच थांबला. "काय झालं?"

मायच म्हणाली, "काही नाही. लेकीचं मन भरून आलं."

दादा माझ्याकडे बघत होता. त्यानं माझा शब्द तेव्हाही खरा मानला होता, आताही मानला असता. मी म्हणाले, "काही नाही दादा. निघते मी."

दुपारची गाडी हल्ली गावात येत नाही, फाट्यावर जावं लागतं. दादानं माझी बॅग मोटारसायकलला अडकवली. मग परत जाऊन त्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. "निघून जाते कुठंबी," तो म्हणाला. "माय, आलोच म्या." आतून ती म्हणाली, "हो."

फाट्यापर्यंत मी त्याच्या मागे बसले होते. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता. अर्ध्या वाटेवर तो मान वळवून म्हणाला, "तू कायजी नको करू, मी हाये तिच्यापाशी." फाट्यावर त्यानं हात करून गाडी थांबवली, माझी बॅग आत चढवली, कंडक्टरला माझं नागपूरचं तिकीट सांगितलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

दादाला मी अजून सांगितलेलं नाही.